वडिलांच्या नावाने छायाचित्रणासाठी निधी: स्पर्धा घ्यावी, कॅमेरे द्यावेत की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वडील नोकरी सांभाळून आयुष्यभर हौसेने फोटो काढत. त्यांच्या मागे तुम्हा भावंडांनी काही रक्कम बाजूला काढली आहे. तिच्यातून त्यांच्या नावाने छायाचित्रकारांसाठी आणि शाळकरी मुलांच्या दृश्यकला शिक्षणासाठी काहीतरी करायचं तुमच्या मनात आहे. दरवर्षी छायाचित्र स्पर्धा घेऊन घसघशीत पारितोषिक द्यायचं, किंवा शाळांना कॅमेरे भेट द्यायचे, अशा दोन कल्पना घरात निघाल्या आणि यातलं काय निवडावं असं तुम्ही विचारलंय. वडिलांच्या निगेटिव्हच्या पेट्यांचं काय करावं, हेही जाता जाता विचारलंय.

छायाचित्रकारांना फेलोशिप देणाऱ्या लहानमोठ्या न्यासांसाठी अर्ज वाचणं, निवड समितीत बसणं आणि निवड झालेल्या कामांना पुढे सोबत करणं हे मी बरीच वर्षं करते आहे. मुलांच्या कार्यशाळाही घेते. त्या अनुभवावरून सांगते, दोन्ही कल्पनांमागचा हेतू चांगला आहे, पण दोन्हींत पैसा जिथे सर्वांत कमी अडलंय तिथे जातो. पारितोषिक मिळतं ते काम पूर्ण झाल्यावर. कॅमेरा मिळतो तो काम सुरू होण्याआधी. खरी अडचण असते मधल्या लांबलचक काळात: फोटो काढून झालेत पण निवडायला वेळ नाही, निवडलेत पण प्रिंट करायला पैसे नाहीत, मुलांच्या हातात कॅमेरा आहे पण त्यांनी काढलेल्या फोटोंबद्दल त्यांच्याशी बोलणारं कुणी नाही. काम नेमकं कुठे अडतं आणि तिथे आपला पैसा कसा पोचवायचा, हा मला तुमच्यापुढचा खरा प्रश्न वाटतो.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, तेही सांगायला हवं. रक्कम एकदाच खर्चायची आहे की मुद्दल ठेवून व्याजावर चालवायचं आहे? तुमच्यापैकी कुणाला यात दर महिन्याला थोडा वेळ देता येईल, की फक्त पैसे देता येतील? छायाचित्रणातला कोणता भाग तुम्हाला जवळचा वाटतो: माणसांचं दस्तऐवजीकरण, प्रयोगशील कला, निसर्ग, की मुलांचं शिकणं? या उत्तरांनुसार माझा सल्ला बदलेल. रक्कम लहान असेल आणि वेळ भरपूर असेल, तर मोठ्या न्यासांना जमत नाही ते तुम्हाला जमेल. रक्कम मोठी पण वेळ अजिबात नसेल, तर नवा न्यास काढू नका. या क्षेत्रात आधीपासून नीट काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत वडिलांच्या नावाने फेलोशिप सुरू करा. नवी संस्था चालवण्यातच निम्मी शक्ती जाते आणि तिचा छायाचित्रकाराला काडीचा उपयोग नसतो.

आता पारितोषिक आणि अनुदान यांतला फरक. पारितोषिक मागे बघतं, अनुदान पुढे बघतं. दोन्हींना जागा आहे. स्वीडनमधला हासेलब्लाड न्यास 1979 मध्ये एर्ना आणि कॅमेरे बनवणारे व्हिक्टर हासेलब्लाड या दांपत्याच्या मृत्युपत्रातून उभा राहिला आणि 1980 पासून तो छायाचित्रणातला मोठा पुरस्कार देतो आहे. 2022 मध्ये तो भारतीय छायाचित्रकार दयानिता सिंग यांना मिळाला. पण अशा पुरस्काराची ताकद तो कुणाला दिला जातो यात असते. दीर्घकाळ केलेल्या कामाचं पूर्ण वजन पारखणारी माणसं त्यामागे असावी लागतात आणि ती प्रतिष्ठा जमायला दशकं जातात. लहान कौटुंबिक निधीने पुरस्कार काढला की पहिली दोन वर्षं बातमी येते, तिसऱ्या वर्षी येत नाही, आणि ज्याला तो मिळाला त्याचं पुढचं काम होतं तिथेच राहतं.

अनुदानाने काय होतं याची उदाहरणं छायाचित्रणाच्या इतिहासात ठळकपणे दिसतात. अमेरिकेतला गुगेनहाइम न्यास 1925 मध्ये एका जोडप्याने आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी स्थापन केला. म्हणजे त्याची सुरुवातही तुमच्यासारखीच, घरातल्या माणसाच्या नावाने झाली. 1937 मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका छायाचित्रकाराला, एडवर्ड वेस्टन यांना, फेलोशिप दिली. छायाचित्रण ही कला आहे का यावर तेव्हा अजून वाद चालू होता. त्या एका निर्णयाने पुढच्या छायाचित्रकारांसाठी दार उघडलं. 1955 मध्ये रॉबर्ट फ्रँक यांना तीच फेलोशिप मिळाली, पुढच्या वर्षी ती वाढवून दिली गेली. त्या काळात त्यांनी देशभर फिरून सुमारे 28,000 फोटो काढले आणि त्यांतून 83 निवडून पुस्तक केलं. ते पुस्तक आधी 1958 मध्ये पॅरिसला निघालं, मग 1959 मध्ये अमेरिकेत, आणि तिथे सुरुवातीला त्यावर सडकून टीका झाली. आज त्याच्याशिवाय विसाव्या शतकातल्या छायाचित्रणाचा विचार होत नाही.

28,000 आणि 83 हे आकडे मी मुद्दाम दिले. 28,000 फोटो काढायला गाडी, फिल्म आणि मोकळा वेळ लागतो, तर त्यांतले 83 निवडायला त्याहून वेगळा, शांत वेळ लागतो. स्पर्धेने यातलं काय दिलं असतं? स्पर्धा एक फोटो मागते. त्या 83 मधला एकेक फोटो वेगळा काढून स्पर्धेत ठेवला असता तर त्यातले बरेचसे तिरके, धूसर, दाणेदार म्हणून बाद झाले असते. ते एकामागोमाग एक लावल्यावरच बोलू लागतात. आणि काय सापडेल हे निघताना फ्रँकना माहीत नव्हतं; काम पुढे जाईल तसं ते आपला आकार घेईल, असंच त्यांनी अर्जात सांगितलं होतं. देणाऱ्यांनी माणसावर आणि त्याच्या आधीच्या कामावर विश्वास ठेवला. चांगलं अनुदान म्हणजे हा विश्वास.

पण नुसता वेळ विकत घेऊन दिला की काम होतंच, असंही नाही. अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. युजीन स्मिथ यांचं तिथल्याच पिट्सबर्ग शहरावरचं काम बघा. 1955 मध्ये त्यांना शंभर फोटोंचं, काही आठवड्यांचं काम सांगितलं होतं. ते त्यात इतके बुडाले की दहा हजारांवर निगेटिव्ह जमल्या, गुगेनहाइमची फेलोशिपही मिळाली, तरी मनासारखं रूप त्या कामाला त्यांच्या हयातीत आलं नाही. फोटो अप्रतिम होते. पण ढिगातून बाहेर काढणारा, 'हे इथे थांबव' असं सांगणारा माणूस सोबत नसेल तर पैसा आणि प्रतिभा दोन्ही असून काम अडतं. त्यांच्या मृत्यूनंतर 1979 मध्ये त्यांच्या नावाने निधी स्थापन झाला आणि तो आजवर माणसांविषयीच्या दीर्घ कामांना अनुदान देतो. म्हणून मी नेहमी सांगते, अनुदानात रोख रकमेइतकंच महत्त्व सोबतीला द्या. एक अनुभवी संपादक किंवा ज्येष्ठ छायाचित्रकार, ज्याला तुम्ही रीतसर मानधन देता, आणि जो वर्षातून चार-पाच वेळा कामासमोर बसतो.

ही सोबत म्हणजे काय, ते जवळून सांगते, कारण बाहेरच्यांना हा भाग दिसतच नाही. मध्यंतरी एक तरुण छायाचित्रकार बंद पडत चाललेल्या कारखान्यांवरचं चार वर्षांचं काम घेऊन आली होती. स्क्रीनवर बघताना सगळेच फोटो चांगले वाटत होते. आम्ही तीनेकशे फोटोंचे पोस्टकार्डाएवढे स्वस्त प्रिंट काढले आणि जमिनीवर पसरले. मग चपला काढून त्यांच्यामधून चालायचं, उचलायचे, जागा बदलायची. पहिल्या तासातच दिसलं की यंत्रांचे फोटो तिने प्रेमाने काढलेत आणि माणसांचे कर्तव्य म्हणून. दुपारपर्यंत सत्तर उरले. संध्याकाळी तिने एका कामगाराच्या रिकाम्या लॉकरचा, आधी नाकारलेला, साधा फोटो उचलून दोन यंत्रांच्या मध्ये ठेवला आणि पुढची सगळी रांग बदलली. तो लॉकर आल्यावर माणसं न दाखवताही माणसं दिसायला लागली. त्या दिवसाचा खर्च किती? प्रिंट, खोली आणि माझं मानधन. एखाद्या मध्यम लेन्सच्या किमतीच्या आसपासही नाही. पण अर्जांच्या अंदाजपत्रकात ही ओळ जवळजवळ कधीच नसते, कारण देणारे ती मान्य करणार नाहीत अशी छायाचित्रकारांची समजूत असते. तुम्ही ती ओळ स्वतःहून छापा.

अंदाजपत्रकावरून आणखी एक. निधीतला पैसा घरभाड्यासाठी, मूल सांभाळणाऱ्या बाईंच्या पगारासाठी किंवा तीन महिने लग्नाची कामं न घेता राहण्यासाठी वापरला तर चालेल, असं स्पष्ट लिहा. बहुतेक छायाचित्रकार समारंभ, जाहिराती, उत्पादनांचे फोटो करून जगतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करतात. त्यांच्याकडे उपकरणं बहुधा असतात, सलग वेळ नसतो. प्रवास आणि साहित्य यांचीच बिलं मागणारं अनुदान त्यांना नको तिथे खर्च करायला लावतं. शेवटी सादर केलेलं काम आणि दोन पानांचा खर्चाचा हिशोब पुरे.

तरीही स्पर्धाच घ्यायची असं घरात ठरलं, तर निदान दोन गोष्टी टाळा. प्रवेश शुल्क घेऊ नका. शुल्कावर चालणाऱ्या स्पर्धेत हरणारे अनेकजण जिंकणाऱ्या एकाचं पारितोषिक भरतात आणि तो दानधर्म होत नाही. दुसरी गोष्ट हक्कांची. अनेक स्पर्धांच्या नियमांत खाली बारीक अक्षरात असतं की पाठवलेले सर्व फोटो आयोजकांना कायमस्वरूपी, विनामोबदला, कुठेही वापरता येतील. म्हणजे न जिंकणाऱ्यांचेसुद्धा. नियम लिहून देणारे वकील हे कलम सवयीने घालतात, म्हणून तुम्ही डोळ्यांत तेल घालून वाचा. तुमच्या करारात एवढंच असू द्या: कॉपीराइट छायाचित्रकाराचाच राहील, निधीची माहिती देण्यासाठी ठरावीक पाच-दहा फोटो, ठरावीक मुदतीपर्यंत, नावासह वापरता येतील, इतर कुठल्याही वापरासाठी वेगळी परवानगी आणि मोबदला. अनुदानालाही हेच लागू. अनुदान दिलं म्हणून फोटो तुमचे होत नाहीत.

निवडीबद्दल फार लांबण लावत नाही. अर्ज तीन पानांचा असावा: काय करताय, कुठवर आलंय, पुढे काय अडलंय, पैसे कसे वापराल, आणि ओळीने लावलेले पंधरा-वीस फोटो. अर्ज कोणत्याही भाषेत चालावा आणि ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याला बोलून रेकॉर्ड करून पाठवता यावा, कारण अनुदानं बऱ्याचदा चांगल्या छायाचित्रकाराऐवजी चांगला अर्ज लिहिणाऱ्याला जातात. परीक्षक तीन असावेत, त्यांतला एक तरी दरवर्षी बदलावा, आणि प्रत्येकाला मानधन द्यावं. ओळखीचा अर्ज समोर आला की परीक्षकाने त्या चर्चेतून उठावं, हा नियम आधीच लिहून ठेवा. शेवटच्या फेरीत येऊन राहिलेल्यांना दोन ओळींचं खरं मत कळवा. यासाठी वेळ जातो, पण नकारासोबत कामाविषयी एक नेमकं वाक्य मिळालेला छायाचित्रकार पुढच्या वर्षी सुधारलेलं काम घेऊन येतो, हे मी वारंवार पाहिलंय.

मात्र एका गोष्टीवर मला थांबायचं आहे, कारण ती देणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. निधी देणाऱ्यांचा कल नकळत दुःखाकडे असतो. गरिबी, आजार, आपत्ती यांवरचे अर्ज वजनदार वाटतात. आपल्या बहिणीच्या घरातला उजेड टिपणारं काम किरकोळ वाटतं. हे अर्जदारांना लवकर कळतं आणि ते तसं काम आणू लागतात. मग ज्यांचे फोटो काढले जातात ती माणसं निवड समितीला हलवण्याचं साधन होतात. म्हणून अर्जात एक प्रश्न जरूर ठेवा: ज्यांचे फोटो तुम्ही काढताय त्यांना हे काम कशासाठी आहे ते माहीत आहे का, आणि पूर्ण झाल्यावर त्यांच्यापर्यंत ते कसं पोचेल? या प्रश्नाचं उत्तर वाचूनच छायाचित्रकाराचं आणि त्या माणसांचं नातं काय आहे ते समजतं. फोटोतल्या कुटुंबांना प्रिंट देण्यासाठी वेगळी छोटी रक्कम ठेवलीत तर फार उत्तम.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पारितोषिकाऐवजी अनुदान, एका फोटोऐवजी चालू असलेलं दीर्घ काम, पैशासोबत मानधन देऊन नेमलेला सोबती, जगण्याच्या खर्चाला मुभा, आणि हक्क छायाचित्रकाराकडे. आता मुलांकडे येऊ.

शाळांना कॅमेरे देण्याच्या योजना मी अनेक पाहिल्या. वाटपाच्या दिवशी मुलांचे चेहरे फुललेले असतात आणि ते खरंच असतं. काही महिन्यांनी परत गेलं की कॅमेरे मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. मोडले तर भरून कोण देणार या भीतीने कुणी ते बाहेर काढत नाही. बॅटरी फुगलेली असते, मेमरी कार्ड भरलेलं असतं आणि भरलेलं कार्ड रिकामं करायचं कुणाचं काम हे ठरलेलं नसतं. यात शाळेचा दोष नाही. शिकवणारा माणूस न देता वस्तू दिली की हेच होतं. आता तर बऱ्याच घरांत कॅमेरा असलेला फोन आहे. मुलांना फोटो काढायला मिळत नाहीत असं राहिलेलं नाही. आपण काढलेल्या फोटोकडे पुन्हा, सावकाश बघायला मात्र त्यांना मिळत नाही.

वेंडी युअल्ड या अमेरिकन छायाचित्रकार आणि शिक्षिकेचं काम या बाबतीत मला सर्वांत मार्गदर्शक वाटतं. त्यांनी सत्तरच्या दशकात केंटकीच्या डोंगराळ भागातल्या मुलांना कॅमेरे दिले, पण तिथेच न थांबता त्या वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत राहिल्या. मुलांनी स्वतःचे, घरच्यांचे, आपल्या वस्तीचे आणि आपल्या स्वप्नांचे फोटो काढायचे आणि त्यांबद्दल लिहायचं, अशी त्यांची पद्धत. स्वप्नाचा फोटो काढायचा म्हटल्यावर मूल आपोआप दिग्दर्शक होतं: भावाला झाडावर चढवतं, पांघरूण अंगावर घ्यायला लावतं, कुठून उजेड हवा ते ठरवतं. पुढे या पद्धतीतून फोटोच्या आधाराने वाचन-लेखन शिकवण्याचा कार्यक्रम उभा राहिला आणि 1992 मध्ये युअल्ड यांना अमेरिकेतल्या मॅकार्थर न्यासाची मानाची फेलोशिप मिळाली. बघा, इथेही पैसा वस्तूला न मिळता शिकवणाऱ्या माणसाला मिळाला.

कॅमेरा अजिबात न वापरता काय करता येतं तेही सांगते. अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन या अमेरिकन कलाशिक्षण-अभ्यासकांनी चित्र बघण्याची एक साधी पद्धत विकसित केली. वर्गासमोर एकच चित्र ठेवायचं, आधी मुकाट बघायचं आणि मग तीनच प्रश्न विचारायचे. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? अजून काय दिसतंय? शिक्षकाने बरोबर-चूक म्हणायचं नाही, मुलाने सांगितलं ते चित्रात बोटाने दाखवायचं आणि तेच आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायचं. मी हे फोटोंवर करते. एकदा रस्त्यावर उभ्या दोन माणसांचा जुना फोटो ठेवला होता. सगळ्यांनी ठरवलं की ती भांडतायत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, नाही, एकाच्या हातात दुसऱ्याची टोपी आहे. 'कशावरून?' तर म्हणे दुसऱ्याच्या कपाळावर टोपीचा वळ आहे. वर्गातली सगळी मुलं जागेवरून उठून पुढे आली. दुसऱ्या मिनिटाला वर्ग पुरावा मागायला लागला: तुला राग दिसतो तो कुठे दिसतो, भुवईत की हातात? यासाठी लागतो एक चांगला प्रिंट किंवा प्रोजेक्टर, आणि असा प्रश्न विचारून गप्प राहता येणारा शिक्षक. तो तयार करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तुमचा निधी नेमका तिथे उपयोगी पडेल.

तेव्हा शिक्षणाच्या भागासाठी माझा आग्रह असा: दहा शाळांना एकदाच काही देण्यापेक्षा एका किंवा दोन शाळांना सलग तीन वर्षं एक शिकवणारा छायाचित्रकार द्या. त्याला आठवड्याचे ठरावीक तास, वेळेवर पगार आणि शाळेच्या वेळापत्रकात नक्की जागा मिळवून द्या. कॅमेरे सहा-सात पुरतात, दोघा-तिघांत एक. त्यामुळे मुलं एकमेकांच्या फ्रेमबद्दल वाद घालतात, तेही शिक्षणच. प्रिंटसाठी दरवर्षीची तरतूद हवीच हवी. स्वतःचा फोटो कागदावर हातात आला की मूल त्याकडे वेगळ्या नजरेने बघतं, तो उलटा धरतं, शेजारच्याच्या फोटोशेजारी ठेवतं, घरी नेऊन भिंतीला लावतं. मुलांच्या फोटोंबाबत हक्क आणि खासगीपणा यांची काळजी मोठ्यांपेक्षा जास्त घ्या. फोटो मुलाचा आहे. तो प्रदर्शनात लावायचा, छापायचा किंवा विकायचा तर पालकांची लेखी परवानगी आणि मुलाचा होकार दोन्ही हवेत. निधीच्या प्रसिद्धीसाठी मुलांच्या घरातले फोटो वापरू नका, परवानगी मिळत असली तरी.

थोडी मोठी मुलं आणि तरुण यांच्यासाठी संस्था किती फरक करू शकते याची दोन उदाहरणं देते. जोहान्सबर्गमध्ये छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लाट यांनी 1989 मध्ये, वर्णभेदी राजवट अजून चालू असताना, मार्केट फोटो वर्कशॉप ही छायाचित्रणाची शाळा सुरू केली, कारण कृष्णवर्णीय तरुणांना छायाचित्रण शिकायला दुसरी जागाच जवळजवळ नव्हती. जोडी बीबर आणि झानेले मुहोली हे नामवंत छायाचित्रकार तिथेच घडले. ढाक्यात छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी 1998 मध्ये 'पाठशाला' ही छायाचित्रणाची शाळा सुरू केली आणि आज दक्षिण आशियातल्या कितीतरी छायाचित्रकारांची पाळंमुळं तिथे सापडतात. अशा संस्थेत एका विद्यार्थ्याची पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च उचलणं ही तुमच्यासारख्या निधीला सहज जमणारी, चटकन सुरू करता येणारी गोष्ट आहे. फक्त फी देऊन थांबू नका. राहणं, येणंजाणं आणि शेवटच्या प्रकल्पाचे प्रिंट यांचा खर्च धरला नाही तर गरजू विद्यार्थी अर्धवट सोडतो.

आता वडिलांच्या पेट्या. पहिली गोष्ट, काहीही फेकू नका आणि घाईने स्कॅनिंगच्या मागेही लागू नका. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्यातली अ‍ॅसिटेट फिल्म विघटन पावू लागली आहे. ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला वेग देते आणि बाहेर पडणारी वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते, म्हणून असे रोल ताबडतोब वेगळे करा आणि आधी त्यांचंच स्कॅनिंग करा. बाकीच्या निगेटिव्ह जुन्या प्लॅस्टिक पाकिटांतून काढून आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत घाला आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा. माळा नको, तळघर नको. पाकिटांवरची तारीख, गाव, नावं जशीच्या तशी उतरवून घ्या. ती माहिती अर्ध्याहून अधिक किंमत राखते. आणि फोटोतली माणसं ओळखणारे नातेवाईक हयात आहेत तोवर त्यांना बसवून नावं लिहून घ्या. स्कॅनिंग नंतरही होईल, ही माणसं नंतर असतीलच असं नाही.

यातूनच तुमच्या निधीला एक दिशा मिळू शकते, जिच्याकडे फार थोडे देणारे वळतात. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड 1984 मध्ये गेले तेव्हा सुमारे 2,500 रोल न धुतलेले मागे राहिले होते. ते मोठं नाव होतं म्हणून संग्रहालयाने पुढे होऊन ते धुवून घेतले. नाव मोठं नसलेल्या शेकडो छायाचित्रकारांची कामं, स्टुडिओ चालवणाऱ्यांची, वृत्तपत्रांत राबलेल्यांची, तुमच्या वडिलांसारख्या हौशी माणसांची, घर बदलताना भंगारात जातात. डिजिटल कामाचं तर त्याहून वाईट: एक हार्ड डिस्क बंद पडली की वीस वर्षं गेली. वर्षाला एका ज्येष्ठ छायाचित्रकाराच्या संग्रहाची यादी, योग्य पाकिटं, निवडक स्कॅनिंग आणि दोन ठिकाणी बॅकअप, एवढ्यासाठी अनुदान दिलंत तर ते लहान रकमेत होतं आणि त्याचा उपयोग पुढच्या पिढ्यांना होतो. यासाठी एखादा तरुण छायाचित्रकार मानधनावर नेमला तर तो शिकतोही. छायाचित्रकारांना अनुदान, मुलांचं शिक्षण आणि संग्रहांचं जतन या तीन वेगळ्या वाटांपैकी एकच निवडा असं कुणी मला म्हणालं, तर लहान निधीसाठी मी आज हीच निवडेन.

राहिला प्रश्न मुद्दल राखण्याचा. वडिलांच्या नावाने निधी कायम चालावा असं वाटणं साहजिक आहे. पण व्याजातून दरवर्षी निघणारी रक्कम एका कामालाही पुरणार नसेल, तर ती पातळ करून वाटण्यात अर्थ नाही. अमेरिकन उद्योगपती ज्युलियस रोझनवाल्ड यांनी 1917 मध्ये स्थापन केलेल्या न्यासाला, आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांत सगळा पैसा खर्च झाला पाहिजे, असं बंधन घातलं होतं. 1932 मध्ये ते गेले आणि 1948 मध्ये न्यास बंद झाला. त्याआधी, 1942 मध्ये, गॉर्डन पार्क्स नावाच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला या न्यासाने फेलोशिप दिली. तिच्या आधारावर तो वॉशिंग्टनला सरकारी छायाचित्रण विभागात रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली शिकायला गेला आणि पुढे विसाव्या शतकातला एक महत्त्वाचा छायाचित्रकार झाला. तुमचा निधी आठ-दहा वर्षांत नीट खर्च होऊन संपला तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. खर्चाचा किती भाग कारभारावर जाईल हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि समारंभ, स्मृतिचिन्ह, फलक यांची रक्कम त्यातच धरा.

पहिल्या वर्षी जाहीर अर्ज मागवू नका. या क्षेत्रातल्या, वेगवेगळ्या वयाच्या आणि पार्श्वभूमीच्या सहा-सात जणांना मानधन देऊन प्रत्येकी दोन नावं सुचवायला सांगा: एक असा छायाचित्रकार ज्याचं काम शेवटच्या टप्प्यावर अडलंय, आणि एक असा संग्रह जो धोक्यात आहे. त्या यादीतल्यांना भेटा, काय अडलंय ते विचारा, आणि दोघांनाच द्या. रक्कम साधारण किती, ती किती वर्षांत खर्चायची आणि घरातून कोण वेळ देणार, हे ठरलं की इथे कळवा. कराराचा मसुदा आणि अर्जाचा नमुना त्या बेताने कसा असावा ते मी मुद्द्यांसकट लिहीन. निगेटिव्हच्या पेट्या मात्र या आठवड्यातच उघडून वास घेऊन बघा.